विजेच्या मुंग्या

लग्नाच्या पंगतीत बराच वेळ मांडी घालून बसले की पायाला मुंग्या येतात. पायावर मुंगी तर एकही नसते. कोपर चौकटीवर आपटले की झिणझिण्या थेट करंगळीपर्यंत धावत जातात. करंगळीला मात्र कोणी हातही लावलेला नसतो. हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाने घेतलेला आहे आणि लगेच विसरूनही टाकलेला आहे. पण त्यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. संवेदना जिथे जाणवते तिथेच तिचे कारण असते, असे नाही. करंगळीकडून येणारा मज्जातंतू कोपरापाशी हाडाला लागून, कातडीच्या अगदी जवळून जातो. त्याला वाटेत धक्का बसला, तरी मेंदूला वाटते की हा निरोप करंगळीचाच आहे.

आज ज्या उपचाराविषयी आपल्याशी बोलायचे आहे, तो याच साध्या गोष्टीवर उभा आहे. वर्षानुवर्षे न हटणाऱ्या दुखण्याच्या काही रोग्यांच्या पाठीच्या कण्यात डॉक्टर एक बारीक तार सरकवतात, तिच्यातून सौम्य वीज सोडतात आणि त्या विजेने रोग्याच्या पायात किंवा कमरेत मुंग्या आणतात. याला मज्जारज्जूचे विद्युत्-उद्दीपन म्हणावे. मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो. पण या उपचारात अशी एक वेळ येते की यंत्रे सगळी जागच्या जागी असतात, आणि तरीही डॉक्टरला रोग्याच्या शब्दावर विसंबावे लागते. तेवढ्याचसाठी हा विषय मी निवडला.

आधी दुखण्याविषयी थोडेसे. दुखणे दोन जातींचे असते. पहिल्या जातीचे दुखणे गावच्या जागल्यासारखे. काटा रुतला, हाड मोडले, गळू झाले, की ते ओरडून जागे करते. जखम भरली की गप्प होते. दुसऱ्या जातीत चोर केव्हाच निघून गेलेला असतो, पण जागल्याचे ओरडणे काही थांबत नाही. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या किंवा पुन:पुन्हा उलटणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र आता जुनाट दुखणे म्हणते. त्यातही जे दुखणे खुद्द मज्जातंतूच बिघडल्यामुळे होते, ते फार चिवट. कमरेचे ऑपरेशन होऊन दोन वर्षे झाली, तरी पायातून उतरणारी कळ तशीच राहिलेली असते. मधुमेह जुना झाला की तळपायांची रात्रभर आग होते. शहाद्याला लागून असलेल्या आमच्या लोणखेड्यात काय, किंवा खानदेशातल्या कोणत्याही गावात काय, अशी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. उसाच्या मोळ्या आणि पपईची कॅरेट उचलून कंबर गेलेला माणूस दर चार घरांआड भेटतो.

आता विजेचा आणि दुखण्याचा संबंध काय? लहान मूल पडले, गुडघ्याला लागले, तर आई काय करते? ती गुडघा चोळते. चोळल्याने लागलेले भरून येत नाही, पण मूल रडायचे थांबते. यामागे केवळ माया आहे असे आपण समजतो. माया आहेच, पण आणखीही काही आहे. १९६५ मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक उपपत्ती मांडली. तिचे सार असे, की मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे. स्पर्शाचे निरोप जाड तंतूंवाटे येतात, दुखण्याचे निरोप बारीक तंतूंवाटे. स्पर्शाची गर्दी झाली की फाटक लोटले जाते आणि दुखण्याचे निरोप पुरते वर पोहोचत नाहीत. शिवाय वरून मेंदूही हे फाटक कमीजास्त उघडू शकतो. या उपपत्तीतील बारकावे पुढे सुधारावे लागले. पण दुखणे म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंत ओढलेली नुसती तार नव्हे, वाटेत त्याची छाननी होते, हा तिचा गाभा टिकला.

मग विचार आला, की हाताने चोळण्याऐवजी विजेने चोळले तर? विजेचा हा उपयोग तसा फार जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने डोकेदुखीवर आणि पायाच्या संधिवातावर वीज सोडणारा जिवंत मासा लावण्याचा उपाय लिहून ठेवला आहे. त्याला वीज ठाऊक नव्हती, बधिरपणा ठाऊक होता. १९६७ च्या आरंभी वॉल आणि त्यांचे सहकारी विल्यम स्वीट यांनी मज्जातंतूला वीज देऊन दुखणे काही काळ थांबवल्याचे प्रसिद्ध केले. हा प्रयोग त्यांनी रोग्यांवर करण्याआधी स्वत:च्या चेहऱ्यातील मज्जातंतूवर करून पाहिला होता. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे डॉ. नॉर्मन शीली यांनी कर्करोगाने पीडित अशा सत्तर वर्षांच्या एका रोग्याच्या मज्जारज्जूपाशी इलेक्ट्रोड बसवला. यंत्र तयार करणारे थॉमस मॉर्टिमर तेव्हा विद्यार्थी होते. या उपचाराचा आरंभ तिथून धरतात.

आज हे कसे करतात ते पाहू. रोग्याला पालथे झोपवतात. पाठीवरची जागा इंजेक्शनाने बधिर करतात. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत पाहत, जाड सुईच्या पोकळीतून एक मऊ तार कण्याच्या नळीत, मज्जारज्जूच्या आवरणाच्या बाहेरच्या अंगाला सरकवतात. जुन्या पद्धतीत आता रोग्याला पुरते जागे करतात, आणि प्रश्नोत्तरे सुरू होतात.

“काही जाणवतंय?”

“हो, डाव्या मांडीत. मुंग्या आल्यासारखं.”

“आता?”

“खाली उतरलं, पोटरीत.”

“आणि जिथे दुखतं तिथे?”

“तिथे अजून नाही, साहेब.”

तार एखाद्या केसाइतकी सरकते, विजेचा जोर किंचित बदलतो आणि पुन्हा तोच प्रश्न. मुंग्या आणि दुखणे एकमेकांवर नीट बसेपर्यंत हे चालते. अंथरुणावर चादर घातल्यावर कोपरे ओढून बघतो, तसा हा प्रकार. पडद्यावर तार दिसते. मुंग्या दिसत नाहीत. त्या फक्त रोग्याला ठाऊक असतात. नंतर काही दिवस यंत्र शरीराबाहेर ठेवून चाचणी घेतात. दुखणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक उतरले, तरच बॅटरीचे लहानसे यंत्र कातडीखाली कायमचे बसवतात. ते उतरले की नाही, हेही रोग्यानेच सांगायचे असते.

या मुंग्या कशा वाटतात? बहुतेक रोगी मुंग्या किंवा झिणझिण्या हाच शब्द वापरतात. पण कोणाला थरथर वाटते, कोणाला दाब, कोणाला ऊब, कोणाला सुया टोचल्यासारखे. विजेचे ठोके सेकंदाला चारदोनच असले, तर प्रत्येक ठोका वेगळा कळतो. चाळीस-साठ झाले, की ते एकात एक मिसळून सलग झिणझिण्या होतात. जोर अगदी कमी असला तर काहीच कळत नाही. वाढवला की आधी चाहूल लागते, मग सुखावह वाटते, आणि आणखी वाढवला की तीच संवेदना नकोशी होते, स्नायू ओढले जातात. उपचार चालतो तो या चाहूल आणि नकोशी यांच्यामधल्या पट्ट्यात. दोघांचा पट्टा सारखा नसतो. एवढेच कशाला, एकाच माणसाचाही दिवसभर सारखा राहत नाही. उताणे झोपले की मज्जारज्जू नळीत मागे, तारेच्या जवळ सरकतो. त्यामुळे उभे असताना जो जोर बेताचा वाटत होता, तोच आडवे होताच झटक्यासारखा लागतो. खोकला आला, शिंक आली, तरी फरक कळतो. म्हणून रोग्याच्या हाती जोर कमीजास्त करण्याचे साधन देतात.

दुखण्याचे काय होते? कोणी म्हणतो, गेले. कोणी म्हणतो, आहे, पण मागच्या खोलीत गेल्यासारखे. कोणाला दुखण्यापेक्षा या मुंग्यांचाच वैताग येतो. तिन्ही उत्तरे खरीच धरावी लागतात, कारण त्यांच्यावर ताडून पाहायला दुसरा मापक नाही.

इथवर ऐकून आपण म्हणाल, की मुंग्या हेच औषध ठरले. बरीच वर्षे तज्ज्ञांनाही तसेच वाटत होते. जिथे मुंग्या नाहीत तिथे आराम नाही, असा जणू नियमच होता. पण नंतर ठोक्यांचा वेग सेकंदाला दहा हजारांवर नेणारी यंत्रे आली. त्यांत रोग्याला काहीही जाणवत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन तुलनेत, जुन्या मुंग्यांच्या पद्धतीपेक्षा या मूक पद्धतीने अधिक रोग्यांना कमरेच्या आणि पायाच्या दुखण्यात आराम पडल्याचे आढळले. तो अभ्यास यंत्र करणाऱ्या कंपनीच्या खर्चाने झाला होता, हेही सांगितले पाहिजे. पण प्रश्न उभा राहायचा तो राहिलाच. मुंग्यांशिवाय आराम पडत असेल, तर मुंग्या ही औषधाची खूण होती, औषध नव्हे.

या मुंग्यांनी आणखी एक अडचण करून ठेवली आहे. नवे औषध खरोखर गुणकारी आहे की नाही हे पाहायचे, तर काही रोग्यांना खरी गोळी आणि काहींना तशीच दिसणारी पोकळ गोळी देतात. कोणाला कोणती ते कळू देत नाहीत. कारण आता आपल्याला बरे वाटणार, या भरवशानेही दुखणे उतरते. पण विजेच्या मुंग्या लपवायच्या कशा? यंत्र चालू आहे की बंद, हे रोग्याला लगेच कळते. कॅनडातील भारतीय वंशाचे शल्यवैद्य डॉ. कृष्ण कुमार यांच्या नेतृत्वाखालील शंभर रोग्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीच्या ऑपरेशननंतरही पायाचे दुखणे उरलेल्या रोग्यांपैकी, या उपचाराने सहा महिन्यांनंतर ४८ टक्क्यांचे दुखणे निम्म्याने तरी उतरले. नुसत्या नेहमीच्या उपचाराने ९ टक्क्यांचेच. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेने २००८ मध्ये मज्जातंतूंच्या चिवट दुखण्यासाठी हा उपचार मान्य केला. पण कोणाला कोणता उपचार मिळाला, हे त्या अभ्यासात सर्वांना ठाऊक होते. २०२२ मध्ये नॉर्वेतील पन्नास रोग्यांवर, मुंग्या न आणणारी वीज वापरून, खरी वीज आणि बंद यंत्र यांची लपवून तुलना झाली. दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानेही निव्वळ कंबरदुखीसाठी हा उपचार संशोधनाबाहेर करण्याइतका पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. तेव्हा, ‘वीज लावा आणि बरे व्हा’ असे जर कोणी सांगू लागला, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. हा उपचार निवडक रोग्यांसाठी आहे, इतर उपाय थकल्यावर आहे, मुंबईसारख्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत होतो, आणि त्याचा खर्च काही लाखांत जातो.

तरी या संशोधनाचे महत्त्व कमी होत नाही, आणि त्यात आपल्या कानाला ओळखीची नावेही भेटतात. अमेरिकेत काम करणारे मेंदूशल्यवैद्य डॉ. मिलिंद देवगावकर आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ मध्ये असा उपचार घेतलेल्या रोग्यांच्या मेंदूची चित्रे अभ्यासून प्रसिद्ध केली. शरीरातील संवेदना टिपणारा मेंदूचा भाग आणि भावनांशी निगडित भाग यांच्यातील दुवे या विजेने बदलतात, असे त्यांना दिसले. दुखण्याची जाणीव आणि दुखण्याचा जाच या दोन गोष्टी आहेत, आणि वीज कदाचित जाचावर अधिक काम करते, असा त्याचा अर्थ. अमेय नानिवडेकर आणि पिट्सबर्ग विद्यापीठातील त्यांचे सहकारी यांनी २०२३ मध्ये, गुडघ्याखाली पाय गमावलेल्या माणसांच्या मज्जारज्जूला वीज देऊन, नसलेल्या पावलात स्पर्शाची संवेदना उत्पन्न केली. कृत्रिम पाय जमिनीला टेकला की ती जाणवे. त्याने चालण्यातला तोल सुधारला, आणि तुटलेल्या पायाचे दुखणेही उतरले. नसलेल्या पावलाला जमीन लागली! पण ती कुठे लागली, टाचेला की बोटांना, हे त्या माणसाने सांगितले तेव्हाच शास्त्रज्ञांना कळले.

म्हणजे पुन्हा आपण शब्दापाशीच आलो.

आपल्याकडे दुखण्याचे शब्द पूर्वीपासून किती बारकाईने वापरले आहेत, पहा. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पिकू लागलेल्या सुजेच्या वेदनांचे वर्णन आहे. सुया टोचल्यासारखे, मुंग्या चावल्यासारखे, मुंग्या अंगावरून फिरल्यासारखे, शस्त्राने कापल्यासारखे, दांडक्याने मारल्यासारखे, विंचू डसल्यासारखे, असे एकेक वेगळे करून सांगितले आहे. ती काव्यशोभा नव्हे. सूज कच्ची आहे की पिकते आहे, शस्त्र केव्हा लावावे, हे त्यावरून ठरवायचे होते. पश्चिमेत मेलझॅक यांनी हेच काम नव्याने केले. पोर्टलंड येथे तुटलेल्या अवयवांत दुखणाऱ्या रोग्यांचे बोलणे ऐकताना ते त्यांचे शब्द टिपू लागले होते. पुढे १९७५ मध्ये त्यांनी ७८ शब्दांची, वीस गटांत लावलेली प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरतात. फ्रान्समध्ये २००५ मध्ये तयार झालेली दहा कलमांची छोटी तपासणी तर सरळच विचारते : आग होते का? विजेचा झटका बसल्यासारखे होते का? मुंग्या येतात का? बधिर वाटते का? दहापैकी चार उत्तरे ‘हो’ आली, की दुखणे मज्जातंतूंचे असण्याचा संभव बराच वाढतो.

आपल्या बोलीत या शब्दांचा तुटवडा नाही. दाढेचा ठणका, गळवाची ठसठस, पोटातली कळ, पाठीत भरलेली उसण, कमरेतली चमक, भाजल्यावरची चुरचुर, तळपायांची आग, चालून चालून लागलेली रग, रुतलेल्या काट्याचे सलणे. यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी बसत नाही. पण दवाखान्यात गेलो की हे सारे बाहेर चपलांपाशी राहते, आणि आत जाऊन आपण एवढेच म्हणतो, “दुखतं.” अहिराणीत म्हणतो, “दुखस.” डॉक्टरसमोर पन्नास माणसे बसलेली असतात. तेही एक गोळी लिहून देतात. मज्जातंतूंच्या दुखण्यावर साधी वेदनाशामक गोळी फारशी चालत नाही. त्याची औषधे वेगळी असतात. मग माणूस तीच गोळी दुकानातून आणून महिनोन् महिने खात राहतो, आणि कंबर तशीच राहून मूत्रपिंडाला मात्र धोका निर्माण होतो. एक शब्द न सांगितल्याची एवढी किंमत पडते.

म्हणून चार गोष्टी आठवून जाव्यात. कुठे दुखते आणि तिथून कुठे जाते, हे बोट फिरवून दाखवावे. कशासारखे दुखते, हे घरी ज्या शब्दात सांगता त्याच शब्दात सांगावे. शब्द गावठी आहे म्हणून लाजू नये. केव्हा वाढते आणि कशाने उतरते, ते सांगावे. आणि दुखण्यामुळे काय करता येईनासे झाले, ते सांगावे : झोप, चालणे, शेतावर जाणे, नातवंडाला उचलणे. मुंग्या आणि बधिरपणा मधुमेहाने येतो, एखाद्या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही येतो; तेव्हा तपासणी करून घ्यावी. कंबरदुखीबरोबर दोन्ही पाय लुळे पडू लागले, बैठकीची जागा बधिर झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र दिवस न घालवता रुग्णालय गाठावे.

घरातल्यांसाठीही एक शब्द. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली व्याख्या सुधारली. तेव्हा सोबतच्या टिपणात तिने नमूद केले, की दुखणे हा ज्याचा त्याचा अनुभव आहे, आणि ते सांगणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. आपल्याकडे म्हातारी आई पाय चोळत बसली की घरात कोणीतरी म्हणतेच, ‘हिचं रोजचंच आहे.’ रोजचे आहे हे खरे. पण तोच तर रोग आहे! विजेची तार जाणणारा तज्ज्ञ आपल्या गावात नसेल. त्या तज्ज्ञालाही शेवटी जो प्रश्न विचारावा लागतो, तो विचारायला मात्र यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि विचारा, “कुठे दुखतं? कशासारखं दुखतं?” आणि ती सांगेल ते सगळे ऐकून घ्या.